पहिला वेचा

लोक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "रशीदभाई, त्या हिरोइनी खरंच इतक्या गोऱ्या असतात का?" मी सांगतो, चिखलीच्या उन्हात दोन दिवस उभी केली की तीही तुमच्या-माझ्यासारखीच दिसते. दुसरा प्रश्न असतो, "तुम्ही सिनेमात नेमकं करता काय?" याचं उत्तर माझ्या बायकोलाही इतक्या वर्षांत नीट देता आलं नाही. तिनं पाहुण्यांना सांगायला एक वाक्य बसवून ठेवलं होतं, "ते शूटिंगवाल्यांले घरं दाखवतात." ऐकणाऱ्याला वाटायचं, मी जागांचा दलाल आहे. तसं ते फार चूकही नव्हतं.

माझी चिखली-मेहकर रस्त्यावर काळी-पिवळी जीप होती. एकदा मुंबईचं एक युनिट जागा शोधत आलं आणि योगायोगानं माझ्या जीपमध्ये बसलं. त्यांना एक पडकी विहीर हवी होती, पण फार पडकी नको. मी त्यांना तीन विहिरी दाखवल्या आणि कोणत्या विहिरीचा मालक भांडखोर आहे, कोणत्या विहिरीवर बाया दुपारी धुणं घेऊन येतात, कोणत्या विहिरीत पोरं पोहतात हेही सांगून टाकलं. त्यांच्या मॅनेजरनं जीप थांबवायला सांगितली, खाली उतरला आणि माझ्या हाताला धरून म्हणाला, "आता तुम्ही कुठं जाऊ नका." तेव्हापासून गुडघे बोलू लागेपर्यंत मी कुठं गेलो नाही. बुलडाणा जिल्ह्यात किंवा आसपास कुणी कॅमेरा घेऊन आलं की जागा ठरवणं, मालकाला समजावणं, गावाची समजूत काढणं आणि ठरलेली जागा ठरल्या दिवसापर्यंत जशीच्या तशी राखणं, हे माझं काम.

यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. बाहेरच्या माणसाला ते कळावं म्हणून थोडं सांगतो. सिनेमा आपण पाहतो तसा सलग काढत नाहीत. माणूस दार उघडतो ते आज काढतात, आणि आत पाऊल टाकतो ते पंधरा दिवसांनी, तेही कधीकधी दुसऱ्याच घरात. मधल्या दिवसांत दाराचा रंग, अंगणातली तुळस, बांधलेली बकरी, काहीच बदलून चालत नाही. याला कंटिन्युइटी म्हणतात. पण गावात कोणतीच गोष्ट जशीच्या तशी राहत नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर तर नाहीच नाही.

मेहकरच्या बाजूला एका गावात दगडूभाऊंचं मातीचं घर आम्ही पसंत केलं होतं. भिंतींचे पोपडे निघालेले, दाराचा निळा रंग उडून गेलेला. दिग्दर्शक त्या दारासमोर पाच मिनिटं नुसता उभा राहिला आणि म्हणाला, "मला हेच हवं होतं." पंधरवड्यानं आम्ही ट्रक, जनरेटर आणि नट-नट्या घेऊन पोचलो, तर घर गुलाबी. दार चकचकीत हिरवं. वर पिवळ्या अक्षरांत सुस्वागतम्. दगडूभाऊ नवा सदरा घालून हात जोडून उभे. दिग्दर्शक तसाच ओट्यावर बसला तो बराच वेळ उठला नाही. मी दगडूभाऊंना बाजूला घेऊन म्हटलं, "भाऊ, हे काय करून बसले?" ते माझ्याकडे असे पाहू लागले की वेडा मीच. "पाव्हने येऊन राह्यले, अन् घर तसंच ठेवू का जी? लोकं काय म्हनतीन?"

मग आमच्या आर्टवाल्यांनी त्या नव्या रंगावर चहाचं पाणी, माती आणि राख फासून घर पुन्हा जुनं केलं. दगडूभाऊंची बायको दारात उभी राहून ते पाहत होती. ती शेवटी म्हणालीच, "आमी दिवाळीची वाट न पाह्यता रंगवलं, अन् तुमी त्याले चिखल फासून राह्यले." बाईचं काही चुकत नव्हतं. शूटिंग संपल्यावर पहिलं काम मी तो रंग परत मारून देण्याचं केलं.

त्या दिवसापासून मी जागेच्या मालकाला हात जोडून सांगत असे, काही करू नका, फक्त काही करू नका. आपल्याकडच्या माणसाला पाहुण्यांसाठी काही करू नका असं सांगणं म्हणजे त्याचा अपमानच असतो, पण धंदा आहे.

सिनेमात रोज लग्न असतं, रोज मांडव वेगळ्या गावात पडतो आणि नवरदेव रोज नव्या कारणानं उशिरा येतो. कधी ढग येतात, कधी वीज जाते. कधी गावात मयत होते, मग शूटिंग बंद ठेवावंच लागतं आणि ठेवलंही पाहिजे. शेजारच्या वावरातला ट्रॅक्टर नेमका नटीनं रडायला सुरुवात केली की सुरू होतो. या सगळ्याचा एक कागद असतो, त्याला शेड्यूल म्हणतात. मी त्या कागदाकडे हवामानाच्या अंदाजासारखं पाहत असे. विश्वास ठेवायचा, पण छत्री घेऊन निघायचं.

पुढं दिग्दर्शक म्हणून आलेल्या वैशालीला हे सगळं सांगायची गरज नव्हती. ती आमच्याच मातीतली, जानेफळची. तिची माय लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायची आणि सुट्टीच्या दिवशी वैशालीही तिच्याबरोबर जायची. पोरगी हुशार निघाली, पुण्याला शिकली, सिनेमाच्या धंद्यात शिरली, दुसऱ्यांच्या हाताखाली बरीच वर्षं राबली. माय मध्येच गेली. त्यानंतर वैशालीनं स्वतःचा पहिला सिनेमा लिहिला. गोष्ट साधी होती. मायशी भांडून शहरात गेलेली लेक कितीतरी वर्षांनी घरी येते. दोघी अख्खा सिनेमाभर एकमेकींशी धड बोलत नाहीत. शेवटी पांढऱ्याशुभ्र वावरात दोघी शेजारशेजारच्या तासात, म्हणजे पिकाच्या ओळीत, कापूस वेचतात. बोलत नाहीत, पण हात एका लयीत चालतात. बस, इतकंच.

"चाचा," ती पहिल्या दिवशीच मला म्हणाली, "बाकीचं कमीजास्त झालं तरी चालते. पन ते शेवटचं वावर मले पायजेच. मी सिनेमा तेवढ्यासाठीच करून राह्यली. माय मले अजून तशीच दिसते, पांढऱ्या वावरात वाकलेली."

म्हणून उंद्रीजवळ रुखमाबाईंचं वावर मी शोधलं. रुखमाबाई साठीच्या, नवरा गेलेला, मुलगा चिखलीत दुकानावर, वावर त्या स्वतः पाहायच्या. मध्ये मोठं कडुलिंबाचं झाड, मागं उतार, आणि पऱ्हाटी छातीएवढी. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी. सिनेमाच्या सुरुवातीचे प्रसंगही याच वावरात हिरव्या पऱ्हाटीत काढले होते, त्यामुळे शेवटाला दुसरं वावर चालणार नव्हतं. अडचण एवढीच होती की कापूस फुटला की माणूस वेचतो. पहिल्या वेचणीला आमच्याकडे पहिला वेचा म्हणतात आणि तो सगळ्यात चांगला कापूस असतो. तो झाडावरच ठेवून शूटिंगची वाट पाहा, असं आम्ही रुखमाबाईंना सांगत होतो.

आसपासच्यांचा पहिला वेचा घरी जाऊन दुसऱ्याची तयारी चालली होती. रुखमाबाईंचं वावर मात्र पांढरंफट उभं. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, "काऊन वं रुखमाबाई, बाया मिळून नाही राह्यल्या का?" त्या म्हणायच्या, "जबान दिली हाये सिनेमावाल्याइले." मोबदल्याचं आधीच ठरलेलं होतं, पण त्यांची अडचण ती नव्हतीच. फुटलेला कापूस वावरात उभा पाहून त्यांचे हात शिवशिवत होते, हे मला दिसत होतं.

शूटिंगच्या पहिल्या सकाळी सीतादही करायचं ठरलं. आमच्या भागात पहिल्या वेचणीआधी हे केल्याशिवाय कापसाला कुणी हात लावत नाही. धुऱ्याजवळच्या, म्हणजे बांधाजवळच्या पऱ्हाटीला हळदकुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, थोडं दही वावरात शिंपडायचं. दह्यासारखा पांढरा कापूस भरभरून घरात यावा, एवढीच मागणी. मी मुसलमानाचा पोर, पण लहानपणापासून वावराच्या कडेला बसून हा दहीभात खाल्लेला आहे. वैशालीला ते सीतादही सिनेमात हवं होतं आणि रुखमाबाईंनाही वावरात कॅमेरा शिरण्याआधी ते व्हायला हवं होतं, त्यामुळे दोघींचं एकमत झालं. सीतादही झालं, छान चित्रित झालं, सगळ्यांनी हातावर दहीभात घेतला. उंद्रीहून वेचणाऱ्या बाया बोलावल्या होत्या, त्यांनी पदराच्या ओट्या कमरेला बांधल्या.

मग वैशालीची सहायक, एक नाशिकची मुलगी, बायांना समजावू लागली. "आधी रिहर्सल करायची. कॅमेरा सुरू नसेल. तुम्ही नुसतं वेचल्यासारखं करायचं, कापूस काढायचा नाही." बाया माना हलवून हाव-हाव म्हणाल्या. कॅमेऱ्याचे रूळ बसत होते, दिवे लागत होते, फोकसचं काही जमत नव्हतं. रिहर्सल झाली, परत झाली, परत झाली. सगळे मॉनिटरमध्ये डोकं घालून बसलेले. शेवटी वैशालीनं मान वर केली. समोरच्या तासांमध्ये एका पऱ्हाटीवर बोटभर कापूस शिल्लक नव्हता. बाया ओट्या टम्म फुगवून पार पुढं, कडुलिंबाच्या पलीकडं पोचलेल्या.

नाशिकची मुलगी रडकुंडीला आली. "मावशी, मी खोटं खोटं वेचा म्हटलं होतं ना!"

सगळ्यात पुढं असलेली बाई थांबली. तिला खरंच वाईट वाटलं होतं. "पोरी, सीतादही झाल्यावर खोटं कसं वेचाव? आन् फुटलेल्या बोंडावरून हात तसाच रिकामा कसा येईन? मी लय थांबवला, पन हात आयकतच नाही."

वैशाली खो-खो हसायला लागली. इतकी हसली की खाली बसली. "चाचा, मायनंही हेच केलं असतं," म्हणाली. पण हसून झाल्यावर तिनं उठून वावर पाहिलं. कडुलिंबामागचा उतारावरचा तुकडा तेवढा पांढरा उरला होता. शेवटचा प्रसंग त्यात बसत होता, जेमतेम. सिनेमातल्या मायचं काम करणाऱ्या बाई दुसऱ्या दिवशी दुपारी पोचणार होत्या. तो तुकडा तोवर राखायचा होता. मी बायांना चहा देऊन वाटेला लावलं आणि त्या तुकड्याच्या कडेला स्वतः खुर्ची टाकून बसलो. आयुष्यात घरांची, विहिरींची, देवळांची राखण केली होती, कापसाची पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी मायचं काम करणाऱ्या बाईंची गाडी जालन्याच्या अलीकडं बंद पडली. त्या आता एका रात्रीच्या मुक्कामानंतर पोचणार होत्या. आमच्या धंद्यात याला कुणी संकटही म्हणत नाही, रोजचं असतं. वैशालीनं दुसरे छोटे प्रसंग काढायला घेतले. आणि दुपारी जेवणं चालू असताना पश्चिमेकडून आभाळ आलं.

दिवाळी होऊन गेलेली, तरी काळं आभाळ. अवकाळी पाऊस आमच्याकडं नवा नाही, आणि त्याची खूण गावातल्या पोराटोरालाही कळते. वारा पडला. पाखरं कडुलिंबात शिरली. शेजारच्या वावरांमध्ये लोक ताडपत्र्या घेऊन धावू लागले. फुटलेल्या कापसावर पाणी पडलं की तो बोंडातच चिकटतो, पिवळा-काळा पडतो, त्याला कुणी विचारत नाही. आणि सिनेमाच्या दृष्टीनं म्हणाल तर पांढरं वावर पांढरं राहत नाही. पाऊस आला असता तर दोघींचंही गेलं असतं. पाऊस आला नसता आणि कापूस झाडावर राहिला असता तर दोघींचंही राहिलं असतं. पण आत्ताच वेचला तर रुखमाबाईंचं नक्की राहणार होतं आणि वैशालीचं नक्की जाणार होतं.

निर्मात्याचा फोन माझ्याच फोनवर आला. बिचारे भले गृहस्थ, पण पुण्यात बसलेले. "रशीदभाई, काही झालं तरी तो तुकडा जाऊ देऊ नका. कापसाचं जे नुकसान होईल ते आपण भरून देऊ." मी म्हटलं, सांगतो. त्यांचं चुकत होतं असंही नाही. जागा राखणं हेच तर माझं काम होतं.

मी वळलो तर धुऱ्यावर रुखमाबाई उभ्या. मागं कालच्याच बाया, ओट्या बांधून तयार. एकही वावरात उतरली नव्हती. मी निर्मात्याचा निरोप सांगितला, भरपाईचं सांगितलं. रुखमाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पैशाचं नाही जी रशीदभाई. तुमी देसान, मले ठाऊक हाये. पन वर्षभर ज्याच्यामागं वाकली, तो कापूस डोयासमोर भिजू कसा देऊ?"

"मग उतरा ना वावरात, मावशी. मी कोन अडवणारा?"

"जबान दिली हाये," त्या म्हणाल्या. "पोरगी म्हनल्याशिवाय नाही हात लावनार. पन तिले म्हना, लवकर म्हन."

हे मी वैशालीला जाऊन जसंच्या तसं सांगितलं. माझं स्वतःचं मत तिनं विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, ते मला आजही माहीत नाही. दोन्हीकडं शब्द दिलेला मी एकटाच होतो. तिनं विचारलं नाही, ते बरं केलं.

ती कडुलिंबाखाली जाऊन बसली. आभाळाकडं पाहत नव्हती, त्या पांढऱ्या तुकड्याकडं पाहत होती. युनिटमधलं कुणी तिच्याजवळ गेलं नाही. रुखमाबाईही धुऱ्यावरून हलल्या नाहीत. गडगडलं तशी एक बाई पुटपुटली, "आता काय पानी पडल्यावर सांगनार का वं ही?" रुखमाबाईंनी तिला हातानं गप्प केलं.

मग वैशाली उठली. येताना तिनं ओढणी काढून कमरेला ओटीसारखी बांधली. रुखमाबाईंसमोर येऊन म्हणाली, "मावशी, वेचा."

"पोरी, तुह्यं काय होईन?"

"ते पाहू. तुमी वेचा पह्यले."

कॅमेरामन धावत आला. "मी रोल करतो, हे खरंखुरं आहे, असं परत मिळणार नाही." मलाही वाटलं की हो म्हणेल. वैशाली म्हणाली, "कॅमेऱ्यावर ताडपत्री टाक आणि तू पण ये. हात कमी आहेत."

मी कितीतरी युनिटं पाहिली, पण कॅमेरा झाकून सगळं युनिट वावरात उतरलेलं तेवढं एकदाच पाहिलं. लाइटवाले, मेकअपवाली, ड्रायव्हर, आचारी, सगळे. शहरातल्या पोरांना वेचता येईना, बोंडाच्या टोकांनी बोटं ओरबाडली, कापसाबरोबर पाला-काडीही येऊ लागली. बाया त्यांच्यावर ओरडत होत्या, "कचरा नको आनू बे पोट्ट्या!" प्रकाश परतवायचं पांढरं कापड असतं, त्यात आम्ही कापूस भरला. नाशिकची मुलगी सगळ्यात मागं राहिली होती, तर कालच्याच बाईनं स्वतःचं तास सोडून तिचं पुरं करून दिलं. वैशाली मात्र बायांच्या बरोबरीनं चालली होती, दोन्ही हातांनी. लहानपणचे हात विसरले नव्हते. शेवटचं गाठोडं बांधून ट्रॉलीत टाकलं, वर ताडपत्री ओढली आणि आम्ही सगळे कडुलिंबाखाली धापा टाकत पावसाची वाट पाहू लागलो.

पाऊस आला नाही.

आभाळ मेहकरकडं सरकलं, फाटलं, आणि थोड्या वेळानं तिरपं सोनेरी ऊन त्या वावरावर पडलं. असलं ऊन की कॅमेरामन आयुष्यभर त्याची स्वप्नं पाहतात. समोर सगळ्या काळ्या काड्या आणि रिकामी बोंडं. कॅमेरामनच्या तोंडून "लाइट बघ" एवढंच निघालं आणि मग तोच ओशाळला. रुखमाबाई वैशालीसमोर येऊन उभ्या राहिल्या. कापूस त्यांचा वाचला होता, पण तोंड असं झालं होतं की जणू त्यांनीच काही मोडलं. "पोरी, मी काय जानू ते आभाय असं फसवीन," म्हणाल्या. वैशालीनं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "मले बी तसंच वाटलं, मावशी." मग गाडीत जाऊन बसली आणि काच वर केली.

दुसऱ्या दिवशी मायचं काम करणाऱ्या बाई आल्या. दुसरा वेचा फुटेपर्यंत थांबायला ना तारखा होत्या, ना पैसे. वैशालीनं त्याच रिकाम्या वावरात शेवटचा प्रसंग काढला. आदल्या दिवशी आभाळ चढत असताना कॅमेरामननं पांढऱ्या तुकड्यावरचे दोन-चार शॉट घेऊन ठेवले होते ते तिनं आधी जोडले, आणि मग डोक्यावर गाठोडी घेऊन दोघी माय-लेकी रिकाम्या पऱ्हाटीतून घरी चालल्यात, एवढंच. मला तो नाइलाजाचा मामला वाटला. तिलाही वाटला असणार, कारण काढताना तिनं मॉनिटरकडं नीट पाहिलंसुद्धा नाही.

वर्षभरानं पुण्यात एका ठिकाणी तो सिनेमा दाखवला. तिनं मला आग्रहानं बोलावलं होतं. शेवटाला प्रेक्षागृहात जड शांतता पसरली. नंतर चर्चेत एक विद्वान गृहस्थ म्हणाले, "ते ओसाड रान म्हणजे दोघींच्या नात्यातलं रितेपण, नाही का? फार करुण शेवट." वैशालीनं आभार मानले. त्यांचंही काही चुकलं नाही, पडद्यावर दिसलं ते त्यांनी सांगितलं. सिनेमा मात्र पुढं थिएटरला लागला नाही. तो का लागला नाही याची कारणं मला चार लोकांनी चार सांगितली. त्यातलं कोणतं खरं हे मला कळत नाही आणि या धंद्यात कुणालाच कळत नाही.

बाहेर चहा पिताना वैशाली अचानक बोलली. "चाचा, तुम्हाले एक सांगू? त्या दिवशी पाऊस यायला पायजे होता, असं मले वर्षभर वाटून राह्यलं. गाराच पडायला पायजे होत्या. निदान माह्या हातून बरोबर झालं असं तर म्हनता आलं असतं. लोकाइच्या वावरावर गारा पडाव्या असं वाटते मले. कापूस वेचनाऱ्या बाईची पोर मी. मायले काय तोंड दाखवू?"

मी म्हटलं, उंद्रीच्या बायांना सिनेमा दाखवायला हवा. ती नको म्हणत होती. मीच चिखलीत एका मंगल कार्यालयाचा हॉल मिळवला, खिडक्यांना सतरंज्या लावल्या, आणि भर दुपारी जीपा भरून बाया आणल्या. रुखमाबाई इस्त्रीचं लुगडं नेसून पुढं बसल्या. वैशाली माझ्या शेजारी, दाराजवळ, वेळ आली तर निसटता यावं म्हणून.

बायांनी सिनेमा आपल्या पद्धतीनं पाहिला. स्वतःला ओळखून किंचाळल्या, मायला सल्ले दिले, लेकीला शिव्या घातल्या. सीतादही आलं तशा दोघी-तिघींनी हात जोडले. मग पांढरं वावर दिसलं आणि त्यावर काळं आभाळ चढलेलं. हॉलमधली सगळी बडबड थांबली. मागून कुणीतरी कळवळून म्हणालं, "अगं माय, कापूस तर झाडावरच हाये!" रुखमाबाईंना तर शेवट ठाऊक होता, तरी त्यांनी पदर तोंडावर धरला.

आणि मग रिकामं वावर आलं. काळ्या काड्या, रिकामी बोंडं, डोक्यावर गाठोडी घेऊन चाललेल्या माय-लेकी.

सगळ्या हॉलनं एकदम श्वास सोडला. "झालं व माय, आला घरात!" एक बाई म्हणाली. "वेचला बरं, पान्याच्या आंदी वेचला!" दुसरी. टाळ्या सुरू झाल्या. लेकीला शिव्या घालणारी म्हातारी आता बोटं मोडून तिची दृष्ट काढत होती. रुखमाबाई शेजारणीला मोठ्यानं सांगत होत्या, "आता पडू दे लेकाचा, किती पडाचा तो!"

मी वैशालीकडं पाहिलं. ती दारातून निसटली नव्हती. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायचं भान तिला नव्हतं.

"चाचा," ती म्हणाली, "पांढऱ्या वावरात माय कधी हसलेली मी पाह्यलीच नाही. ती हसायची ते गाठोडं घरात टेकवल्यावर."